अर्ध्यावर मोडलेलं पारायण

महाराजांवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव लिहिणारे बहुतेक जण श्रद्धेपासून सुरुवात करतात. माझ्याजवळ त्या दिवसांत श्रद्धा थोडी आणि तक्रारी फार होत्या. लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले त्याला चौतीस वर्षं झाली, तेव्हापासून मी गुरुवार सोडला नाही. शेगाव आम्हाला काही लांब नाही, जमेल तेव्हा दर्शनाला गेले, प्रसादाच्या रांगेत बसले. आणि तरी एका सकाळी माझे यजमान वांगी तोडता तोडता मळ्यातच मटकन खाली बसले. अंगातली बनियन घामानं चिंब, ओठ पांढरे. हृदयाचा झटका होता. अकोल्याला नेलं, रक्ताच्या नळीत जाळी बसवली, आठवड्यानं घरी आणलं. जो तो म्हणे, वाचले बरं, महाराजांची कृपा! मी तोंडानं हो म्हणायची आणि मनात म्हणायची, कृपाच होती तर झटका काऊन आला मग?

पहिला महिना घरात पाय ठेवायला जागा नव्हती. केळी, बिस्किटांचे पुडे, शहाळी यांनी टेबल भरलेलं. येणाऱ्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका-मामा असाच झटक्यानं गेलेला, आणि त्याची हकीकत यजमानांच्या उशाशी बसूनच सांगायची! पुढं पुढं सगळे आपापल्या कामाला लागले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, कामं कोणाला सुटली आहेत? मळा आम्ही बटईनं, पिकातल्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिला. मुलगी नाशिकला असते, रोज फोन करते. बाबांनी गोळ्या घेतल्या का, चालले का, बीपी किती आहे, सगळं विचारते. तू कशी आहेस हेही विचारते, पण तोपर्यंत तिच्या बसची वेळ झालेली असते. फोन ठेवला की घर एवढं गप्प व्हायचं की फ्रिज चालू झाल्याचाही आवाज मोठा वाटायचा.

या दिवसांत मी घरातली फौजदार झाले. माझं तोंड तसं पहिल्यापासून तिखट. सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेवर मिरचीचं रोप आहे. पण आता त्या तिखटाला डॉक्टरांचा कागद मिळाला होता. मीठ कमी, तेल कमी, लोणचं नाही, पापड नाही, जिना नाही, ओझं नाही. ज्या माणसाच्या घशाखाली ठेच्याशिवाय भाकर उतरली नाही, त्याच्यापुढं मी आळणी वरण आणि उकडलेला दोडका ठेवायची आणि संपेपर्यंत समोर बसायची. एकदा कळलं की चौकात मित्रांनी त्यांना मिरचीची भजी खाऊ घातली. मी तशीच चौकात गेले आणि चार माणसांत असं काही बोलले की मित्रांनी माना खाली घातल्या. यजमान मुकाट्यानं माझ्या मागं घरी आले. त्या दिवसापासून ते चौकात गेले नाहीत. हळूहळू माझ्याशी बोलणंही हाव आणि नाही एवढ्यावर आलं. दम लागून राह्यला का? नाही. छातीत काही होते का? नाही. मी स्वयंपाकघरात एकटी, ते ओट्यावर एकटे. मधल्या भिंतीला कान लावून मी त्यांच्या खोकल्याचा अर्थ लावत बसायची. माणूस जिवंत असून घरात नसल्यासारखा, हे कोणाला सांगावं आणि कसं सांगावं? लोक म्हणाले असते, बाई, कुंकू शाबूत आहे ना, मग रडतेस कशाला?

दोन वर्षांनी तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा जोर थोडा कमी झालाय, जपा. अजून किती जपू? मी घरी येऊन महाराजांच्या फोटोपुढं बसले आणि चक्क भांडले. मग भांडणाचा सौदा केला. म्हटलं, मी एकआसनी पारायण करते, पूर्ण पोथी एका बैठकीत. तुम्ही यांना सांभाळा. आमच्याकडं हे पारायण फार कडक मानतात. एकदा आसनावर बसलं की शेवटची ओवी होईपर्यंत उठायचं नाही, मध्ये कोणाशी बोलायचं नाही, पाण्याचा घोटही बसल्या जागी. सगळं सोवळ्यात. मी कधी केलं नव्हतं, गुडघे दुखतात म्हणून. पण आता जिद्दीला पेटले होते.

दिवाळीनंतरचा गुरुवार धरला. पहाटे न्हाऊन फोटोला हार घातला, समई लावली. यजमानांना चहा दिला, सकाळच्या गोळ्या हातावर ठेवल्या, दुपारच्या वाटीत काढून ठेवल्या आणि बजावलं, "काय लागते ते आताच सांगा. एकदा बसली का मी उठणार नाही. मग मले हाक मारू नका." ते हाव म्हणाले आणि ओट्यावर खुर्ची टाकून बसले. हे वाक्य मी कोणत्या तोंडानं बोलले, ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

वाचन छान लागलं. आवाज मोकळा झाला, गुडघ्यांचा विसर पडला. उन्हं वर आली तेव्हा पाचच अध्याय उरले होते आणि माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, देवापेक्षा आपलंच कौतुक जास्त चाललं होतं. वा गं वा, जमलं की तुला! तेवढ्यात बाहेर बोहारणीची आरोळी आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. मी वाचत राहिले. आरोळी अर्ध्यात तुटली. मग दाराशी पावलं वाजली आणि ती बाई सरळ आत आली. सरळ! डोक्यावर भांड्यांची पाटी, पायात धुळीनं भरलेल्या चपला, आणि तशीच माझ्या देवघराच्या उंबऱ्यात. माझा संताप संताप झाला. बोलायचं नव्हतं, म्हणून हातानंच खूण केली, जा, जा म्हणून, आणि ओवी आणखी मोठ्यानं म्हणू लागले.

"बाई, तुमचे मालक पाहा," ती म्हणाली. मी मान हलवली नाही. तेव्हा तिनं पाटी खाली आदळली, पुढं आली, माझ्या दंडाला धरलं आणि ओरडली, "अवं ऊठ ना वं माय! मानूस जाऊन राह्यला तुहा, अन् वरून तोच मले बोट दाखवते, चूप राय म्हणते, बाईची पोथी चालू हाय म्हणते!"

पोथी माझ्या मांडीवरून पाटावर घसरली. मी कशी उठले, आठवत नाही. ओट्यावर यजमान खुर्चीच्या दांड्याला धरून वाकले होते, चेहरा राखेसारखा, कपाळावरून घाम टपटप गळत होता, आणि उजव्या हाताचं एक बोट अजून ओठांजवळ होतं. मला पाहून ते हाताच्या खुणेनं म्हणाले, जा, आत जा. जिभेखालची गोळी मी त्यांच्या तोंडात घातली, पण त्याआधी डबी दोनदा हातातून पडली. दोन वर्षं रोज त्या डबीवर पहारा दिलेली मी, आणि ऐन वेळेवर झाकण उघडेना! ते उघडलं त्या बाईनं. तिनं त्यांच्या सदऱ्याची बटणं काढली, मला म्हणाली, "बसवून धर, निजवू नको," आणि आतली पाटी उचलून रस्त्यावर धावली.

पुढचं मी ओट्यावरून पाहिलं. खामगावला कोबी घेऊन निघालेला एक टेम्पो येत होता. ही हात करते तर तो थांबेना. तिनं पाटीतली सगळी भांडी रस्त्यात भडाभडा ओतली. पातेली, तांबे, डबे, सगळे गडगडत चाकांपुढं गेले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, शिव्या देतच उतरला आणि ओट्याकडं नजर जाताच गप्प झाला. त्यानं आणि तिनं मिळून यजमानांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मी सोवळ्यातच, अनवाणी, मागं कोबीत बसले. टेम्पो निघाला तेव्हा ती रस्त्यात बसून भांडी गोळा करत होती, एका पातेल्याचा पोचा अंगठ्यानं दाबून पाहत होती. तिचं नाव विचारलं नाही. आभार मानायचंही सुचलं नाही.

खामगावच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं, तिथून पुढं अकोल्याला. दुसरा झटका होता. डॉक्टर मोजकं बोलणारे, एवढंच म्हणाले, वेळेत आणलं. तिसऱ्या दिवशी यजमानांना बोलायची परवानगी मिळाली. मी पलंगाशी बसले होते. सलाइनकडं पाहत शेवटी विचारलंच, "काऊन जी हाक नाही मारली?"

"तुही पोथी मोडली असती," ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "अन् खरं सांगू का? सकाळी म्या लोणच्याची फोड खाल्ली होती. वाटलं, आता तू ओरडशीन."

दवाखान्यात नर्सबाई धावत येतील इतकी मी रडले. माणसाला मरणाची भीती वाटली नाही, माझ्या तोंडाची वाटली. छाती फुटून राह्यली तरी चालेल, पण बायकोचं बोलणं नको, इथपर्यंत मी त्यांना आणून सोडलं होतं. मी म्हणत होते, मी यांच्या हृदयाची काळजी घेते. हृदयाचीच घेत होते. त्या हृदयाच्या मालकाला दोन वर्षं कोणी मायेनं जेव म्हटलं नव्हतं. एकटी मी आहे, असं मी सगळ्या देवांना सांगत फिरले. त्या ओट्यावर माझ्याहून एकटं कोणी बसलंय हे मला दिसलं नाही.

घरी आल्यावर गावात एकच चर्चा. महाराजच आले बोहारणीच्या रूपात! त्या बाईला शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आमच्याकडं येणाऱ्या दोन्ही बोहारणींना विचारलं, खामगावच्या बाजारात, नांदुऱ्याला चौकशी केली. कोणी ओळखलं नाही. ती कोण होती हे मला ठाऊक नाही आणि मी त्यावर वाद घालत नाही. तेज वगैरे मला दिसलं नाही. मला तिच्या टाचांच्या भेगा दिसल्या, आणि ज्या चपलांनी माझं देवघर बाटलं असं मला वाटलं, त्याच चपला घालून ती टेम्पोपुढं उभी राहिलेली दिसली. तिला विटाळ मानून मी हातानं हाकललं होतं, याची लाज मरेपर्यंत जाणार नाही.

मोडलेल्या पारायणाचं काय, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. दोष लागतो म्हणे, पुन्हा करून घे. मी फोटोपुढं बसले. या खेपेला भांडले नाही. म्हटलं, महाराज, मी तुमच्याशी सौदा केला होता, इतक्या ओव्या घ्या आणि माणूस द्या. तुम्ही मलाच आसनावरून उठवून माणसाकडं पाठवलं. आता माझी अट काही नाही. यांचं आयुष्य किती, ते तुम्ही पाहा. आहेत तोवर मी त्यांच्याजवळ बसते. एवढं बोलले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खांदे हलके वाटले. श्रद्धा म्हणतात ती हीच की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी यजमानांना म्हटलं, "काही खाल्लं तरी चालीन, पण दुखलं तर हाक मारा. मी ओरडणार नाही."

"तू ओरडशीनच," ते म्हणाले.

"ओरडीन. पण आधी गोळी देईन."

त्यांना हसू आलं. जेवण अजून आळणीच आहे, पण आता मीही तेच जेवते आणि दोघं मिळून त्याला नावं ठेवतो. चौकातल्या मित्रांना मीच जाऊन बोलावून आणलं. ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातून आधी माझा चेहरा पाहत होते! तरी सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. दुखणं आहे तिथंच आहे. दुपारी ते झोपले की मी अजून दारातून छाती हलते का पाहून येते. यजमान बोलतात, पण दुखण्याचं कधी बोलत नाहीत. विचारलं की अजूनही नाही म्हणतात, आणि त्या नाहीवर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

गेल्या महिन्यात मी मागच्या अंगणात तूर पाखडत होते. सूप वाऱ्यावर धरलं होतं, कानात फोलपटांची सळसळ. तेवढ्यात घरातून आवाज आला. आधी वाटलं, भास. मग पुन्हा आला, चांगला मोठ्यानं, "अवं, इकडं ये वं. मले छातीत दुखून राह्यलं."

सूप फेकून मी धावले. गोळी दिली, ऑटो बोलावला, डॉक्टरकडं नेलं. फार काही नव्हतं, गोळी बदलून दिली. ऑटोत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता आणि मी दुसऱ्या हातानं डोळे पुसत होते. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं आणि मला धीर देत म्हणाला, "घाबरू नका बाई, काही होत नाही त्यांले." त्याला काय सांगू? मी घाबरून रडत नव्हते. त्यांनी मला हाक मारली होती.