छातीवर लावलेलं माहेरचं नाव

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी मी लातूरला अक्काच्या मोरीत पाटावर बसून बूट धूत होते. सकाळी एकवीस किलोमीटर पळून झालं होतं, त्यामुळे उकिडवं बसणं जमत नव्हतं. उजव्या बुटात अंगठ्याजवळ रक्ताचा डाग पडला होता, तो काही निघेना. अक्का दारात खुर्ची टाकून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "झालं का आता? तू पळालीस, मी गेले. आता दोघीबी मोकळ्या."

मी ब्रश घासत राहिले. ती काय म्हणतेय ते मला बरोबर कळलं होतं.

अक्का माझी मोठी बहीण, आठ वर्षांनी मोठी. तिचं सासर शिरूर अनंतपाळचं, घरची शेती. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा दाजींनी शेत भावाकडे सोपवलं आणि लातुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, कारण सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला डायलिसिसला जावं लागतं. चार तास हातात सुया घेऊन पडून राहायचं. दिवसभरात पाणी एका छोट्या बाटलीत मावेल तेवढंच. उन्हाळ्यात तिनं लागोपाठ दोन वेळा जायचं टाळलं. तोंड सुजलं, धाप लागली, तेव्हा दाजींनी तिला उचलून नेलं. मी नांदेडहून फोन केला आणि भरपूर बोलले. औषध, शिस्त, मुलांकडे बघ, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"तुला बोलायला काय जातंय? हाफिसात बसून कागदं सरकवतीस. असं कर, तू पळून दाखव. तू पळायलीस तोवर मी जाते."

ती टोमणा मारत होती. आमच्या घरात पळायची ती. भोकर तालुक्यातल्या आमच्या गावातून शाळा तीन किलोमीटर होती. ती दप्तर माझ्या गळ्यात अडकवून पुढे पळत जायची आणि फाटकाशी माझी वाट बघत उभी राहायची. तालुक्याच्या स्पर्धेत तिला स्टीलचा डबा मिळाला होता. त्यावर तिचं नाव कोरलेलं होतं. मी मात्र दोन दप्तरं सांभाळत चालणारी. पुढेही चालतच राहिले. जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळता सांभाळता अठ्ठेचाळीस वर्षांची झाले.

पण तिनं अट घातली होती आणि मला दुसरा उपाय सुचत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानावर गेले. पहिल्या फेरीतच बसावं लागलं. तिथं फिरायला येणाऱ्या बायकांनी विचारलं, शुगर निघाली का? या वयात बाई पळायला लागली म्हणजे काहीतरी निघालेलंच असतं. मी म्हटलं, मला काही नाही, बहिणीच्या किडन्या गेल्यात. त्यातली एक म्हणाली, "मग पळायला तिनं पायजे ना."

घरी आले की अक्काला फोन. ती विचारायची, "पळून राहिलीस का खरंच, का फोनवरच?" मी अंतर सांगायचे. ती कपडे कोणते घातले, कुठं वळलीस, कुत्री मागं लागली का, असं सगळं खोदून विचारायची आणि मग म्हणायची, बरं, जाते. दोन किलोमीटरचे पाच झाले, पाचाचे दहा. पावसाळाभर तिची डायलिसिसची एकही खेप चुकली नाही. पुढे पुढे ती मला शिकवायला लागली. खांदे सोड, तोंडानं श्वास घेऊ नको, चढ आला की पाऊल लहान कर. चाळीस वर्षांत ती पळाली नव्हती, पण तिला सगळं पाठ होतं. जिच्या मागून मी शाळेत जात होते ती मुलगी रोज पाच मिनिटं फोनवर यायची आणि जायची.

ज्यांना पैसे भरून डायलिसिस करणं परवडत नाही त्यांच्यासाठी लातूरची एक संस्था मशीन घेणार होती. त्यासाठी ही मॅरेथॉन. एकवीस किलोमीटरला जाणकार अर्धी म्हणतात, आमच्याकडे सगळे मॅरेथॉनच म्हणतात. मी नाव नोंदवलं, ऑफिसात फिरून वर्गणी गोळा केली. शनिवारी संध्याकाळी छातीवर लावायचा नंबर हातात आला. त्याखाली मोकळी जागा होती. तुम्ही कोणासाठी पळताय त्याचं नाव तिथं लिहायचं होतं. मी टेबलावरचं पेन उचललं आणि अक्काचं माहेरचं नाव लिहिलं.

ठरवून लिहिलं नाही. हात तसाच चालला. लग्नात तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून दाजींनी अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि सगळे वाकून वाचत होते. मी दहा वर्षांची. मी ताटात हात घालून तांदूळ विस्कटले आणि आईनं सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातला. त्यानंतर जुनं नाव आई-वडिलांच्याच तोंडी राहिलं. ते गेले, तेव्हापासून त्या नावानं तिला हाक मारणारं कोणी नाही. मी तर जन्मापासून अक्काच म्हणते.

सकाळी पंधरा किलोमीटरपर्यंत ठीक होतं. पुढे अंगठा सोलला आणि पोटऱ्या धरल्या. वाटेत पाण्याची टेबलं होती. पोरी ग्लास पुढे करत होत्या, हवं तेवढं. मी दोन घोट घ्यायचे आणि उरलेलं डोक्यावर ओतायचे. अक्काला असं पाणी सांडून सहा वर्षं झाली असतील, एवढं मनात आलं. मग चढ आला. पाऊल लहान केलं.

शेवटच्या कमानीपाशी दाजी तिला घेऊन बसले होते. माइकवरच्या माणसाकडे त्यांनी आधीच जाऊन तिचं, म्हणजे त्यांनी ठेवलेलं, नाव सांगून ठेवलं होतं. ते पुकारलं की टाळ्या वाजवायच्या असं शेजारच्यांनाही सांगितलं होतं. मी आले तेव्हा त्या माणसानं माझ्या छातीवरचं वाचून पुकारलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दाजी अजून रस्त्याकडेच बघत होते. अक्का तेवढी खुर्चीतून उठली. शाळेत हजेरी घेताना उठतात तशी, एकदम सरळ.

दाजींनी विचारलं, "ही कोण?"

"होती एक," अक्का म्हणाली. "लई पळायची."

दाजींना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग ते माझ्यासाठी नारळपाणी आणायला गेले. त्यांना वाईट वाटलं असणार. मी माफी मागितली नाही, त्यांनीही विषय काढला नाही. अक्कानं माझ्या कुडत्याच्या चारही पिना काढल्या, नंबर सोडवला, घडी घातली आणि पदराखाली धरला.

आणि दुपारी मोरीच्या दारात म्हणाली, आता दोघीबी मोकळ्या.

रात्री जेवताना दाजींनी विचारलं, उद्या रिक्षा किती वाजता सांगू? ती म्हणाली, बघू. डायलिसिसची पिशवी खिळ्याला टांगलेली होती, तिच्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी खूप काही बोलू शकले असते. उन्हाळ्यात बोलून झालं होतं, त्याचा काय उपयोग झाला तेही पाहिलं होतं. मी भांडी घासली, नांदेडची सकाळची गाडी चुकवायचं ठरवलं आणि ऑफिसला रजेचा मेसेज टाकला.

सोमवारी पाचला उठले. बूट ओलेच होते, तसेच घातले. जिना उतरताना गुडघे वाकेनात, म्हणून कठडा धरून उलटी उतरले. वर दारात उभी राहून अक्का बघत होती. पळणं शक्यच नव्हतं. मी रस्त्याच्या कडेनं पाय ओढत चौकापर्यंत गेले, खांबाला हात लावला आणि वळले. एरवी दहा मिनिटांची वाट, मला पाऊण तास लागला.

परत आले तेव्हा ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसली होती. पिशवी मांडीवर. पिशवीतून फाइल वर आली होती आणि फाइलच्या प्लॅस्टिकमधून कालच्या नंबराची घडी दिसत होती.

"किती झालं?" तिनं विचारलं.

"चौकापर्यंत."

"लई हळू." ती उठायला लागली.

मी तिच्या हातातली पिशवी घेऊन माझ्या खांद्याला अडकवली आणि रिक्षाला हात केला.