विसावं कार्ड

आपण कितीनं हरलो याची इतकी काटेकोर नोंद ठेवणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि माझ्या साडूंनंतर, म्हणजे दाजींनंतर, होईल असंही वाटत नाही. आपण सगळे हरतो आणि कारणं लक्षात ठेवतो. दाजी आकडे लक्षात ठेवत. पाटबंधारे खात्यात असताना कुठल्याशा धरणाच्या वसाहतीत एका साहेबाला गोल्फ खेळायला जोडीदार हवा होता आणि दाजींना साहेबाला नाही म्हणायची सवय नव्हती. साहेबाची बदली झाली, खेळ दाजींच्या अंगात राहिला. निवृत्तीनंतर त्यांनी नळदुर्गजवळच्या आपल्या माळावर, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही, नऊ भोकांचं मैदान काढलं. हिरवळीचा प्रश्नच नव्हता. भोकाभोवती मुरूम दाबला, वर चाळलेली वाळू पसरली, भोकात पत्र्याचा डबा बसवला आणि शेजारी काठीला अक्कांच्या जुन्या साडीचा तुकडा बांधला. अक्का म्हणजे दाजींची बायको, माझी थोरली मेव्हणी. नऊ झेंडे, नऊ साड्या. शेजारच्या शेतकऱ्यानं एकदा बांधावरून विचारलं, "साहेब, रोज काय हुडकायलात?" चेंडू, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग फेकता कशाला?"

गोल्फमध्ये हँडिकॅप नावाचा एक आकडा असतो. कसलेल्या खेळाडूपेक्षा तुम्हाला किती फटके जास्त लागणं माफ आहे, ते तो सांगतो. दाजींचा सतरा. तो काढायची रीत अशी, की शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यातल्या उत्तम आठ धरायच्या, बाकीच्या बारांकडे बघायचं नाही. माणसाची किंमत करायचा इतका उदार कायदा मी कॉलेजातल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. दाजींनी तो सगळ्या जगाला लावला होता. धाराशिवहून येणाऱ्या एसटीची हँडिकॅप त्यांनी पंचवीस मिनिटं ठरवली होती आणि गाडी वीसच मिनिटं उशिरा आली की ते वाहकाचं अभिनंदन करत. लग्नातल्या सत्काराच्या भाषणांना त्यांनी चाळीस दिली होती. तरी वक्ते हरत. स्वतःच्या फटक्यांची तर वहीत शाखावार मांडणी होती: वाऱ्याच्या दिशेप्रमाणे, बाभळीत गेलेले, शेळ्यांनी अडवलेले.

पण नोंदीची खरी मालकीण अक्का. फेरी धरायची तर दुसऱ्या कुणीतरी बघून कार्डावर सही करावी लागते. अक्का दाजींच्या उजव्या हाताला चार पावलं मागं चालत. खेळातलं त्यांना काही कळत नसे, मोजणं कळत असे. प्रत्येक फटक्याला कार्डावर पेन्सिलीनं एक टिंब, आणि चेंडू डब्यात पडला की टिंबं मोजून आकडा. दाजी कधी "सहा" म्हणाले तर मागून शांतपणे "सात" यायचं. त्यावर अपील नव्हतं. शेवटचे फटके मारण्याआधी वाळू सपाट करावी लागते, अक्का झेंड्याभोवती ओलं गोणपाट ओढत एक चक्कर मारत आणि म्हणत, "टाका आता." पुरी झालेली कार्डं घरी खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवली जायची. तारेत वीसच. एकविसावं आलं की सगळ्यात जुनं खाली उतरायचं.

तीन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. सहीचं काम माझ्याकडे आलं. मी एक रविवार सोडून सकाळच्या एसटीनं जायचो, बॉलपेननं आकडे लिहायचो, टिंबंबिंबं दिली नाहीत. दाजी अजूनही फटका मारला की थोडं थांबून मग निघत. वाट अरुंद झाली की डावीकडून चालत आणि उजवी बाजू मोकळी ठेवत. मी एकदा त्या मोकळ्या जागेतून चालायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही इकडनं या." आवाज साधा होता, पण मी परत त्या बाजूला गेलो नाही.

एकोणीस फेऱ्या झाल्या आणि दाजी बदलले. नऊ भोकं दोनदा खेळली की फेरी पुरी होते. ते सतरा भोकं पुरी करत आणि दुसऱ्यांदा नवव्या झेंड्याशी पोचले की वाकून चेंडू उचलून खिशात टाकत. अपुरी फेरी तारेत चढत नाही. असं वर्षभर चाललं. मी एकदा त्यांच्या घरी तार चाळली. सगळ्यात खालचं कार्ड अक्कांच्या अक्षरातलं होतं, शेवटचं. आणखी एक फेरी पुरी झाली की ते उतरणार होतं. मी गणित मांडलं आणि विजयी सुरात त्यांना सांगितलं, की ती फेरी इतकी वाईट आहे की उत्तम आठांत नाहीच. ती राहिली काय आणि उतरली काय, तुमचा सतरा सतराच राहील.

"हिशोबात न्हाय हो," दाजी म्हणाले, "तारेत हाय."

त्या कार्डाच्या दिवशी अक्कांना चालवत नव्हतं. दाजी सारखं मागं वळून बघत होते.

मग माळावर पवनचक्क्या येणार असं ठरलं. कागदांवर सह्या दाजींनीच केल्या, गुडघे थकले होते आणि सोलापूरची लेक बोलावत होती. शेवटच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. वारा पूर्ण पडला होता. साड्यांचे तुकडे काठ्यांना चिकटून खाली लोंबत होते, एवढ्या मोठ्या माळावर एक टिटवीसुद्धा ओरडत नव्हती. सतरा भोकं झाली. नवव्याकडे येताना बाभळीमागं दाजींनी खेळायची काठी जोरात फिरवली आणि ती चेंडूला लागलीच नाही. नियमानं तोही फटका. मी बघितलं, आणि बघितलं नाही असं ठरवलं. पुढच्या दोन फटक्यांत चेंडू वाळूवर आला.

दाजी नेहमीसारखे वाकले आणि वाकलेलेच राहिले. झेंड्याभोवती वाळू सपाट होती. गोणपाटाच्या ओल्या रेघा एक पूर्ण चक्कर मारून उजव्या अंगाला संपल्या होत्या. सकाळी आम्हीच इथं खेळलो होतो, आमच्या पावलांनी तुडवलेली वाळू मला आठवत होती. मी वाऱ्याचं नाव घेणार होतो. वारा नव्हता.

"झाडून ठेवलंय," दाजी हळूच म्हणाले. "आता टाकावंच लागंल."

त्यांनी टाकला. पत्र्याचा डबा वाजला. इतका वेळ वाजत राहिला की मी पाय बदलला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पाच," मी म्हणालो. एवढी सूट माझ्या अधिकारात आहे असं मला वाटलं.

दाजी माझ्याकडं बघत नव्हते. उजवीकडं, चार पावलं मागं बघत होते. "कार्ड बघा एकदा."

मी बघितलं. शेवटच्या चौकटीत पेन्सिलीची सहा टिंबं होती. माझ्या हातात बॉलपेन होतं. कार्डं अक्कांनी आणून ठेवलेल्या गठ्ठ्यातली होती. एखादं जुनं, अर्धवट वापरलेलं माझ्या हाती आलं असेल. असेल. मी टिंबांखाली सहा लिहिले आणि सही केली.

घरी दाजींनी तार खिळ्यावरून काढली. सगळ्यात खालचं कार्ड हवं तर वरची एकोणीस उतरवावी लागतात. ती त्यांनी एकेक करून उतरवली, अक्कांचं बाजूला ठेवलं, एकोणीस पुन्हा ओवली आणि वर आजचं. अक्कांचं कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं. हँडिकॅप काढली. सतरा.

आता माळावर चक्क्या फिरतात आणि एसटीतून झेंडे दिसत नाहीत. दाजी सोलापुरात असतात, खेळत नाहीत. अधूनमधून रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी, लेकीची नातवंडांवरची ओरड, असं सगळं झाल्यावर ते थोडं थांबतात आणि विचारतात, "प्राध्यापक, सहाच होते ना?"

आयुष्यभर मी दुसऱ्याचं म्हणणं तपासल्याशिवाय मान्य केलेलं नाही. पण फोनच्या त्या टोकाला दोघं ऐकत असल्यासारखी शांतता असते.

"सहाच," मी म्हणतो.