मोकळा डेस्कटॉप

आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे. मी घेतलेले स्क्रीनशॉट थेट डेस्कटॉपवर, सगळ्यांसमोर येऊन पडायचे. त्यांत बंगळुरूच्या भाड्याच्या खोल्या होत्या, आणि तिथल्या नोकरीबद्दल मी घरी अजून सांगितलं नव्हतं.

सोसायटीची नोटीस टाइप करताना बाबा म्हणाले, "अगं, तुझ्या या फोटोंत माझी फाइल सापडत नाही."

फक्त फाइलच शोधत होते ना? मी लगेच सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनशॉट साठवायची जागा बदलली. जुनेही 'कॉलेज नोट्स' नावाच्या फोल्डरमध्ये हलवले.

दुसऱ्या दिवशी बाबा मोकळ्या स्क्रीनकडे बघत बसले होते. पसाऱ्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. अचानक आवरलं की मात्र लक्ष जातं.

"ती दोन खिडक्यांची खोली बरी होती," ते म्हणाले.