डांबरगोळ्यांच्या वासाच्या नोटा

"आजी, ही सही तुमचीच ना?" जळगावच्या कचेरीत चौकशी अधिकाऱ्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. सही माझीच होती. चौथी शिकलेल्या बाईची, रेघ तिरपी. मी हो म्हटलं. "मग तुमच्या गावची पतसंस्था बुडाली, त्याला तुम्हीही जबाबदार. तुमच्या नावावर घर आहे ना?"

होतं, चोपड्याजवळच्या आमच्या गावात. नवरा गेल्यावर तेवढंच नावावर राहिलं होतं. ते जाणार हे कळलं. कशामुळे जाणार ते कळेना.

मी संस्थेची संचालक होते, कारण कायद्याने तेरा जणांच्या मंडळावर दोन बायका घ्याव्या लागत. चेअरमन माझा दीर. त्याने मला घेतलं आणि आमच्या गल्लीतल्या एकीला. सभेला जायचं, चहा प्यायचा, सही करायची. शिवाय ऑडिटरचं जेवण माझ्याकडे.

वडील सांगायचे, पूर्वी कचेरीतला माणूस दप्तर तपासायला आला की गाव चिडीचूप व्हायचं. माझ्या तरुणपणीही ऑडिटर सरकार धाडायचं. तो डबा घेऊन यायचा, कोणाच्या घरचं पाणी पीत नसे. असा माणूस लोकांना माजोरी वाटायचा. मग नियम बदलला. सरकारी यादीतला ऑडिटर संस्थेच्या सभेने निवडायचा. आमच्या सभेने निवडला तो दिराच्या पुढाऱ्याच्या ओळखीचा. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. आपणच निवडलेला माणूस आपल्या चुका काढेल का, हे डोक्यात आलं नाही. पाहुणा आला म्हणून मी खापरावर मांडे केले, आमरस केला.

तो येण्याआधी फोन करायचा. पहिल्या वर्षी फोन आला तसा दीर घाईघाईने माझ्या ओट्यावर आला.

"वहिनी, तुना कापूसना पैसा घरमा शेतस ना? एक दिन दे. सांजले परत."

"कसाले?"

"ऑडिटरले दखाडाले. वहीमा जेवढी रोकड शे, तेवढी तिजोरीमा दिसाले जोयजे."

"मंग खरी रोकड कोठे गयी?"

"लोकेसले दियेल शे, येई परत. लगनमा तू पाटल्या देस, त्या परत येतस का नहीं?"

येतात. आमच्याकडे नवरीच्या अंगावर निम्मे दागिने शेजारणींचे असतात, आणि बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. मी ट्रंक उघडून पैसे दिले. संध्याकाळी परत आले, एक नोट कमी नाही. असं तीन वर्षं चाललं.

तिसऱ्या वर्षी मी चहा घेऊन गेले तेव्हा ऑडिटर नोटा मोजत होता. त्याने एक गड्डी नाकाशी नेली. "चेअरमनसाहेब, तिजोरीत डांबरगोळ्या ठेवता की काय? गेल्या वर्षीही हाच वास होता."

दीर हसला. ऑडिटर हसला. मीही हसले, माझ्या ट्रंकेचा वास तो. जेवताना "अक्का, मांडा एकच" म्हणाला आणि तीन खाल्ले. संस्थेला 'अ' वर्ग मिळाला. तो कागद दिराने भिंतीवर लावला, आणि तो बघून गावातल्या बायकांनी आपले पैसे आणून ठेवले.

हे सगळं मी अधिकाऱ्याला सांगितलं. मागच्या बाकावरून दीर ओरडला, "वहिनी, गप बस! तुले काय समजस?"

"काहीच नहीं समजस. म्हणीसनच सांगस."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "आजी, हे लिहिलं तर तुमचाच दोष वाढेल. नुसती सही असती तर फसवून घेतली म्हणता आलं असतं. तिजोरीत दाखवायला पैसे तुम्ही दिलेत."

"लिहा साहेब. आणि ऑडिटरने वास घेतला, तेही लिहा."

"वासाला पुरावा काय?"

पुरावा नव्हता. माझं लिहिलं, वासाचं नाही लिहिलं. निकालात तेराही संचालक दोषी ठरले. माझा वाटा भरायला घर विकलं, आता धुळ्याला लेकीकडे राहते. पैसे माझे होते, त्याच दिवशी परत आले, कोणाचं मी काही घेतलं नाही. तरी बायकांचे पैसे गेले. माझ्या ट्रंकेपासून त्यांच्या पैशांपर्यंतची वाट मला अजून नीट सापडत नाही. लेक समजावते, मी मान डोलावते, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

दीर वारला. ऑडिटरही वारला. तेरा संचालकांपैकी आम्ही दोघी बायका तेवढ्या जिवंत आहोत, आणि त्या दुसरीला आता काही आठवत नाही.