नोराची बेरी आणि माझी हुशारी

रत्नागिरीच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी आईने माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या मधोमध, रातांब्याच्या सरबताची बाटली खुपसली. "साखर जरा कमी पडलीय, लवकर संपव," म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "आणि बाय, परक्याने दिलेलं काही तोंडात घालू नकोस हां." दुसरं मी तंतोतंत पाळलं. पहिलं साफ विसरले. तेविसाव्या वर्षी नर्स म्हणून रियाधला निघालेली मी स्वतःला भारी हुशार समजत होते.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, जपत आयुष्य काढलेल्यांनो, त्या हुशारीची हकिगत आता सांगून टाकते.

होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत नोरा होती, आयर्लंडची नर्स. तिच्या कपाटात काळ्या-जांभळ्या रसात बुडालेल्या बारीक फळांची बरणी असायची. ड्यूटीवरून आली की दोन चमचे खायची आणि गायला लागायची. दात निळे, जीभ निळी, स्वारी खूश. मी काय समजायचं ते समजले. या देशात दारू सापडली की नोकरी खलास आणि परतीचं विमान. खोली दोघींची, म्हणजे विमानात मीही.

"हे काय गं?" मी एकदा विचारलंच.

"बिलबेरी. आमच्या डोंगरावर आपोआप उगवते. आई वेचून साखरेत घालून देते."

बरं. पण दुसऱ्या दिवशी गावाकडच्या मैत्रिणीशी बोलताना तिने त्याच बरणीला 'फ्रॉहन' म्हटलं. मी डिक्शनरी उघडली, तर तिथे तिसरंच, 'व्हर्टलबेरी'. ज्याला तीन-तीन नावं लागतात ते फळ नव्हे, भानगड आहे, असा निकाल मी दिला. आपण एकाच फळाला रातांबा, कोकम, भिरंड म्हणतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आपल्यावर कोण संशय घेतो?

मी सुपरवायझर बाईंना जाऊन सांगितलं. त्या इजिप्तच्या, कडक. "दुपारच्या अस्र नमाजानंतर येते," म्हणाल्या.

दुपारी मी पलंगावर मासिक उघडून साळसूदपणे बसले. अन् ढप्प! आवाज माझ्याच कपाटातून. साड्यांमागे विसरलेल्या आईच्या बाटलीचं बूच उडालं होतं. लाल फेस साड्यांवरून खाली येत होता आणि खोलीभर ताडीसारखा आंबूस वास.

नोरा धावत आली, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. बाटली उचलून बेसिनमध्ये रिकामी केली, नळ सोडला, कपाट लावून खिडकी उघडली. तेवढ्यात दारावर थाप पडली. "यल्ला, उघडा!" लाल रंग काही जाईना. मग तिने आपली बरणीच त्यावर उपडी केली. घरून आलेलं सगळं, पुढच्या रजेपर्यंतचं.

"माझी बेरी सांडली, मॅडम," दार उघडत ती म्हणाली.

बाईंनी बरणी हुंगली, बोटाने चाटून पाहिली. नुसती साखर नि फळ. बेसिनकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. गेल्या. त्यांचेही दात निळे झाले होते, पण हसायची माझी हिंमत नव्हती.

तळाला चार फळं उरली होती. नोराने ती माझ्या तळहातावर ठेवली. करवंदाच्या जवळपासची चव, फक्त चीक नाही.

आता मी रियाधमध्येच, अल मलाझ भागात, लेकीकडे व्हिजिट व्हिसावर येते. नात ब्लूबेरीचा डबा पुढे करते. मी एक चावून आतला रंग तपासते. आत पांढरट; नोराची आतूनही जांभळी होती. "ही लागवडीची. ती ही नव्हे."

"आजी, इट्स जस्ट फ्रूट!"

असेल. माझा नाही विश्वास.

सुपरवायझर नेमक्या त्याच दिवशी कशा आल्या, हे नोराने कधी विचारलं नाही. पुढे दोन वर्षं एका खोलीत राहिलो, पण एका शब्दाने नाही. तिला सगळं ठाऊक होतं, असा मला दाट संशय आहे. आणि कबूल करायचं धाडस मला झालं नाही.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी गावाचं नाव सांगते, फार तर लेकीचा पत्ता. पण डोळ्यांपुढे येते ती होस्टेलची खोली. जिची मी चुगली केली होती, ती लाल-निळ्या हातांनी माझ्यासाठी दार उघडते आहे.