धाकट्या जावेचं रान

पावटा सोलताना त्याचा उग्र, हिरवा वास आला की मला धाकटी जाऊ आठवते. आम्ही नवरा-बायको कंपनीत कामाला लागल्यावर आमच्या वाट्याच्या रानात नुसता ऊस लावला होता. शेजारी तिच्या तुकड्यात मात्र ज्वारी, तूर, पावटा, हरभरा, कडेला अंबाडी. एका भोगीला मी मंडईतून पिशवीभर भाजी आणली, तिनं रानातून ओटीभर खुडून आणली. सासूबाईंनी तिचीच भाजी पुन्हा मागून घेतली. मी माझ्या भाजीचं पातेलं मागं सरकवलं. "ताई, बी देऊ का? बांधावर लावा," ती म्हणाली. "आम्हाला नोकऱ्या हायत," मी फटकारलं. पुढच्या वर्षी तीही नोकरीला लागली आणि तिच्या रानातही ऊसच उभा राहिला. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे अजून कुणालाच सांगवलेलं नाही.