भांगेच्या बिया वाटणारे भाऊ

"आधी चावा, मग भांडा," असं म्हणत भाऊ समोरच्याच्या ताटात बिया टाकायचे. विचारण्याची पद्धत नव्हती. मिसळ असो, पोहे असोत, नाहीतर लग्नातला मसालेभात, खिशातून स्टीलची डबी निघायची आणि चिमूट सुटायची. नाशिकच्या माणसाच्या मिसळीत कोणी हात घालावा म्हणजे भांडणाला आमंत्रणच. पण भांडायला तोंड उघडेपर्यंत बिया रश्श्यात पडलेल्या असत. असं एखादं पात्र तुमच्याही कॉलनीत असेल; नसेल तर तुमचं जरा चुकलंच म्हणायचं.

भाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. मूळचे सिन्नरकडचे. नाशिक रोडला आमच्या समोरच्या दारात राहायचे. त्यांची सून उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरातली. लग्नानंतर तिनं हौसेनं माहेरची चटणी केली: भांगेच्या भाजलेल्या बिया, जिरं, हिरवी मिरची, वर लिंबू. भांगेचं नाव ऐकून घरातले सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

"पोरीचं तोंड बारीक झालं, मंग म्या खाल्ली," भाऊ सांगायचे. "लय भारी लागली!"

त्या दिवसापासून त्यांनी या बियांचं वकीलपत्रच घेतलं. दाणा तिळाहून मोठा, करडा. चव अक्रोडाच्या जवळपासची. भाऊ ऐकवायचे, "यात चांगली प्रथिनं हायेत. हृदयाला बरं असं तेल हाय. लोह हाय, मॅग्नेशियम हाय." कोणीतरी डोळा मिचकावून विचारायचंच, "आणि नशा?" भाऊ शांतपणे म्हणायचे, "नशा पानाफुलात. बी म्हंजी नुसतं जेवण."

बिया भाजायच्या त्या मात्र त्यांनी स्वतः. यंत्राच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याच्या मुठीला कान लावून बिघाड ओळखण्यात त्यांची सारी नोकरी सरलेली. तव्याशीही तसेच कान लावून उभे राहायचे. दाणे तडतडायला लागले की घरात कोणी बोलायचं नाही. सून पदर तोंडाला लावून हसायची, पण गप्प राहायची.

एका रंगपंचमीला सोसायटीतल्या थोर मंडळींनी गुपचूप त्या सुनेकडून बिया मागून घेतल्या आणि थंडाईत वाटून घातल्या. पेले रिकामे झाले आणि रंग चढला. चेअरमन उगाचच हसायला लागले. एक बँकवाले गृहस्थ आईच्या आठवणीनं रडले. मी स्वतः, शाळेतला मास्तर, जिन्याचा कठडा घट्ट धरून उभा होतो, कारण जिना हलत होता. इतक्यात भाऊ आले.

"भांग कुठून आणली रे?"

"तुमच्याच घरची, भाऊ!"

भाऊ पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. "अहो, त्यात नशाच नाय. तुम्ही समदे दूध पिऊन झिंगलात!"

जिना जागच्या जागी थांबला. बँकवाल्यांनी डोळे पुसले आणि ते मुकाट्यानं घरी गेले.

त्याच वर्षी माझ्या बायकोला क्षय झाला. औषधं सुरू झाली आणि जेवण बंद झालं. डॉक्टर म्हणाले, औषधं आपलं काम करतील, पण अंगात ताकद हवी, प्रथिनं पोटात जायला हवीत. अंड्याच्या वासानं तिला उमासे यायचे. पावडरीचा डबा उघडला की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. हातातली बांगडी मनगटातून गळायला लागली होती. मी फार घाबरलो होतो.

भाऊ आले, खिडकीशी बसले. डबी खिशातच राहिली. "आधी डॉक्टरला विचारू, मास्तर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत दवाखान्यात आले. भाऊंनी सोबत आणलेलं बियांचं पाकीट डॉक्टरांनी उलटसुलट करून वाचलं. "द्या, हरकत नाही. थोड्यापासून सुरुवात करा. पण हे अन्न आहे, औषध नव्हे. गोळी एकही चुकता कामा नये."

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं ना?" जणू गोळ्या मलाच घ्यायच्या होत्या.

त्यांनी टरफल काढलेल्या मऊ बिया मागवल्या. सून त्या दह्यात वाटायची, मिरची न घालता. भाऊ वाटी घेऊन यायचे आणि मऊ भातात कालवून द्यायचे. इतर शेजारी तेव्हा दारातूनच चौकशी करून परतत. भाऊ खुर्ची ओढून बसायचे.

"वहिनी, आज भांडायचं नाय. एक घास."

ती एक घास खायची आणि ताट सारायची. भाऊ "बास, झालं" म्हणून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन परत हजर. असे कितीतरी दिवस गेले. मग एके दुपारी ती घास चावता चावता थांबली.

"भाऊ, मीठ कमी आहे."

भाऊ ताडकन उठले, गॅलरीत गेले आणि समोरच्या घरातल्या सुनेला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं, वहिनींना चव कळायला लागली!" खाली भाजीवालीनंसुद्धा मान वर केली. मी स्वयंपाकघरात जाऊन मीठ शोधत बसलो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

बायको बरी झाली ती औषधांनी. पण औषधं पेलायला माणूस उभा राहावा लागतो, आणि तिला उभं केलं ते भाऊंनी. हे ऋण मला फेडायचं नाही. असं ऋण अंगावर असलेलं बरं वाटतं.

गेल्या थंडीत एका सकाळी भाऊ उठलेच नाहीत. अंत्यसंस्कार उरकून आम्ही घरी आलो, आंघोळी केल्या. नात्यातल्या कोणीतरी खिचडी आणून ठेवली होती. बायकोनं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. ताट पुढ्यात घेऊन ती नुसती बसून राहिली. मी म्हटलं, "जात नसेल तर राहू दे."

"नाही," ती म्हणाली. "भाऊंनी मला उपाशी बसू दिलं नसतं."

डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि ती घासामागून घास खात होती. खिचडी संपली तशी तिनं ताट माझ्यापुढे केलं.

"अजून वाढा."